शाळा आणि गाव मिळून अभ्यासक्रम गावाशी जोडताना या चुका टाळा

आमच्या खानापूर-बेळगाव भागात एसडीएमसीचं, म्हणजे पालकांच्या शाळा समितीचं, काम बरीच वर्षं करतोय आणि दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गावातल्या जाणत्या माणसाला बोलावून नुसता सत्कार करणं. एका शाळेत आम्ही खानापूरकडच्या एका कुंभार आजोबांना बोलावलं. शाल, नारळ, हेडमास्तरांचं भाषण, मग माझं, यातच वेळ गेला आणि चाक व्हरांड्यात तसंच पडून, पोरांनी मातीला हातसुद्धा लावला नाही. जाताना आजोबा म्हणाले, "बोलवलं तर काम तरी सांगायचं की." ते अजून टोचतं मला. पुढच्या वर्षी मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी दोनदा जाऊन बसलो. ओली पणती वाळताना आकसते, भट्टीत अजून आकसते, म्हणून आधीच थोडी मोठी करायची, असं ते सहज बोलून गेले, आणि आम्हाला शेकडेवारीचा धडा तिथंच सापडला! पोरांनी एकच पणती ओली, वाळलेली, भाजलेली अशी तीनदा मोजली आणि टक्के वहीत काढले. तेव्हापासून आधी घरी जाणं, तारीख नंतर.

पुस्तकच बदला म्हणून भांडू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 29 प्रमाणे अभ्यासक्रम ठरवणं हे सरकारनं नेमलेल्या संस्थेचं काम, आपल्याकडे कर्नाटकात डीएसईआरटी या राज्याच्या शिक्षण संशोधन खात्याचं. पण उदाहरण कुणाच्या शेतातलं घ्यायचं हे तर आपल्या हातात आहे ना?

मीटिंग जुलैत सकाळी 11 ला ठेवायची, तेव्हा अख्खं गाव रोप लावणीला, मग रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घ्यायच्या. हे मला अजिबात चालत नाही. त्याच कायद्याच्या कलम 21 मध्ये शाळेच्या कमिटीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका सांगितल्यात, आणि इथं बाई चिखलात आणि सही नवऱ्याची! मी मीटिंग रात्री आरती झाली की देवळातच घेतो, बायका येतात आणि बोलतातही.

कन्नड सर्क्युलर मराठीत मोठ्यानं सांगा. कन्नड घरातल्या पोराच्या घरी रताळ्याला गेणसू म्हणतात, तेही फळ्यावर येऊ दे.

नवीन गुरुजींना पहिल्याच महिन्यात अशा गावच्या धड्यांची सगळी पुस्तिका छापून व्हॉट्सअपवर फोटो हवा असतो. असं करू नका हो, एका सहामाहीला एकच धडा घ्या. आम्ही यंदा रताळ्याचा हिशोब घेतलाय, वेल लावण्यापासून बेळगावच्या एपीएमसीत वजन होईपर्यंत, आणि पहिला तास एका पोराच्या आजीच्या बांधावर आहे.