विंबल्डनचं ताट असं बघा

विंबल्डनची महिला एकेरीची फायनल संपली की लगेच टीव्ही बंद करू नका. खरं बघण्यासारखं पुढेच असतं: विजेतीला मिळणारं ताट.

"मावशी, पुरुषांना कप आणि बायकांना ताट का गं?" भाचीने रागाने विचारलं होतं. तिला आधी हेच सांगितलं, की हे जेवायचं ताट नव्हे, तस्त आहे. आजीकडे पितळेचं होतं. पाहुण्यांचं जेवण झालं की मी ते त्यांच्या हाताखाली धरायचे आणि आजी तांब्याने पाणी घालायची. युरोपातल्या श्रीमंतांकडेही हीच रीत, फक्त पाणी गुलाबाचं. म्हणून हिचं नाव 'व्हीनस रोझवॉटर डिश'. व्हीनस विल्यम्सने ती पाचदा जिंकली, पण नाव तिच्यावरून पडलेलं नाही.

कॅमेरा जवळ गेला की चित्र थांबवा आणि मधल्या उंचवट्यापासून सुरुवात करा. तिथे बसलेली बाईही रोमनांची प्रेमदेवता व्हीनस नाही. ती सोफ्रोसिनी, ग्रीकांची संयमाची देवता. एका हातात दिवा, दुसऱ्यात सुरई. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेल्यावर दुसरी टाकणाऱ्या मुलीला हिच्याइतकी जवळची देवता कोणती? तिच्याभोवतीच्या चार चौकटींत पंचमहाभूतांपैकी चार: पृथ्वी, आप, तेज, वायू. मग कडेला या. तिथे रोमनांची विद्येची देवता मिनर्व्हा आणि सात विद्या आहेत. त्यात संगीत आहे, भूमिती आहे, चक्क व्याकरणही!

खेळाच्या बक्षिसावर व्याकरण आलं, कारण नक्षी खेळासाठी नव्हतीच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या जुन्या पात्रावरून बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने 1864 मध्ये ही चांदीची, थोडा सोन्याचा मुलामा दिलेली डिश घडवली. बायकांची स्पर्धा सुरू झाली 1884 मध्ये. पहिल्या विजेत्या मॉड वॉटसनला चांदीची फुलांची परडी मिळाली. डिश 1886 मध्ये ब्लँच बिंगलीपासून द्यायला लागले.

डिशवर विजेत्यांची नावं कोरतात. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबच्या, विजेत्यांच्या नावांच्या फलकावर मात्र ख्रिस एव्हर्टचा 1981 चा विजय कित्येक वर्षं 'मिसेस जे. एम. लॉइड' असा, नवऱ्याच्या नावाने होता. ते 2022 मध्ये बदललं. माझ्या मते ते फार आधी व्हायला हवं होतं.

अस्सल डिश क्लबकडेच राहते. विजेती घरी नेते ती पाऊणपट प्रतिकृती. घरात मुलगी असेल तर 48 सेंटीमीटर व्यासाचा पुठ्ठा कापून द्या, तेवढीच अस्सल डिश आहे. भाचीने तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि म्हणाली, "मावशी, माझं नाव कुठे कोरतील?"