वर्गात एआयचे नियम ठरवताय? मग आधी एवढी तयारी करा

मागच्या वर्षी पहिल्याच तासाला मी मुलांना सांगितलं, "एआय जपून वापरा," आणि मला वाटलं झालं काम. निबंध हातात आले तेव्हा कळलं की काहींनी 'जपून' म्हणजे अजिबात नाही असं धरलं, काहींनी सगळा निबंधच त्याच्याकडून लिहून घेतला, आणि रात्री जागून स्वतः लिहिणाऱ्यांनाच कमी मार्क पडले. एक मुलगी विचारायला आली, "मॅडम, चालत होतं तर आम्हाला का नाही सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे: प्रत्येक होमवर्कच्या कागदावर, वरतीच, एक ओळ लिहा की यात एआय कशाला चालेल आणि कशाला नाही. 'मुद्दे सुचवायला चालेल, वाक्यं तुमचीच हवीत', इतकं साधं. वर्षाच्या सुरुवातीला एकदा सांगून भागत नाही, भिंतीवर चिकटवूनही नाही, त्या-त्या कागदावर हवी.

शाळेचे नियम काय आहेत ते बघून घ्या. वय बघा, चॅटजीपीटीच्या अटींमध्येच १३ वर्षांखालच्यांना परवानगी नाही आणि १८ च्या आत पालकांची संमती लागते, मग सहावीच्या मुलांना 'त्याला विचारून या' असं सांगूच नका.

मग एआय म्हणजे नक्की काय काय धरणार ते ठरवा. स्पेलिंग तपासणं? भाषांतर? वाक्य नीट करून घेणं? मुलं हेच विचारतात, आणि घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला भाषांतर बंद केलंत तर त्याचं काय होईल याचा विचार आधी करा. ठरलं की परत, कागदावर ती ओळ.

मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या डिटेक्टरच्या भरवशावर कुणालाही चोर ठरवू नका, प्लीज. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये काढला तेव्हा त्यांच्याच चाचणीत तो एआयचा फक्त २६ टक्के मजकूर पकडत होता आणि माणसांनी लिहिलेल्यातलं ९ टक्के एआयचं ठरवत होता, जुलैमध्ये बंदच केला. ३० जणांच्या वर्गात ९ टक्के म्हणजे दोन-तीन निरपराध मुलं. त्यापेक्षा कच्चा मसुदा मागा, गूगल डॉक्समध्ये लिहायला सांगा म्हणजे व्हर्जन हिस्टरी, कधी काय लिहिलं-बदललं ते, दिसते, आणि शंका आलीच तर पाच मिनिटं समोर बसवून 'हे वाक्य का लिहिलंस' विचारा. लिहिलेलं असेल तर मूल सांगतं.

एआय वापरला तर कुठे वापरला हे शेवटी दोन ओळीत लिहायला लावा, खरं लिहिलं म्हणून मार्क कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी लिहिणार नाही.

बाकी पटापट: पालकांना चिठ्ठी, नियम मोडला तर काय ते आधीच लिहून, घरी नेट नसलेल्यांची सोय, मुलांची नावं-मार्क एआयमध्ये टाकायचे नाहीत (तुम्हीही), सहामाहीनंतर नियम परत वाचा. आणि उद्या वाटणार तो होमवर्क आत्ता काढा, वर ती ओळ आहे का बघा.