म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप देताना या चुका टाळा

म्हातारी, आजारी कुत्री सांभाळणाऱ्या घरांना मदत करण्याचं काम मी बराच काळ करते आहे. घरं बदलतात, कुत्री बदलतात, चुका मात्र त्याच. बहुतेक चुका मायेपोटी होतात, म्हणून समोरच्याला तोंडावर सांगवत नाही. तरीही बोलायला हवं, कारण त्या चुकांचा त्रास कुत्र्याला सोसावा लागतो.

एका दिवसावरून निर्णय घेणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती दोन्ही बाजूंनी होते.

आधी घाईची बाजू. एका घरातली तेरा वर्षांची कुत्री सकाळी उठायला गेली आणि कुशीवर कोलमडली. मान वाकडी झाली होती, बुबुळं सारखी एका बाजूला झटके देत होती, उभं राहायचा प्रयत्न केला की गोल फिरून पडत होती, वर उलट्या. घरच्यांनी मानलं की पक्षाघात झाला, आता हिला सोडवायचं. दवाखान्यात पोचले ते इंजेक्शन देऊन तिला कायमचं झोपवायचं ठरवूनच. डॉक्टरांनी नीट तपासलं, कान पाहिले आणि सांगितलं की शरीराचा तोल सांभाळणारी आतल्या कानाकडची यंत्रणा बिघडलेली दिसते. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे अचानक होतं, पुष्कळदा कारणही सापडत नाही आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो. मळमळीवर औषध देऊन त्यांनी थांबायला सांगितलं. थोरला मुलगा चिडला, म्हणाला, उगाच हाल कशाला? आईने मात्र धीर धरला. मी त्यांच्याकडे जाऊन जमिनीवर सतरंज्या अंथरायला लावल्या, तिला भिंतीच्या आधाराने निजवलं, पाण्याचं भांडं तोंडापाशी कसं धरायचं ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी बुबुळं स्थिरावली. मग पोटाखालून टॉवेल धरला की ती चालू लागली. मान जराशी कलतीच राहिली, पण पुढे वर्षभराहून जास्त ती मजेत जगली.

प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही. मेंदूत गाठ असली तरी लक्षणं अशीच दिसू शकतात. पण तो फरक डॉक्टरांनी तपासून सांगायचा, घाबरलेल्या घराने पहिल्याच दिवशी ठरवून मोकळं व्हायचं नाही. ‘लवकर एकदाचं होऊन जाऊ दे’ म्हणणाऱ्यांना पुष्कळदा स्वतःची घालमेल थांबवायची असते.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त वेळा दिसते. कितीतरी दिवस कुत्रा नीट उठत नाही, झोपेतच लघवी होते, रात्रभर येरझाऱ्या घालतो. मग एका सकाळी तो पोटभर जेवतो, शेपूट हलवतो, आणि घर म्हणतं, ‘बघा, बरा आहे की!’ शेपूट हलते ती तुम्ही दिसलात म्हणून. त्यावरून दुखणं थांबलं असं ठरत नाही. जुनं दुखणं कुत्रा सहसा ओरडून सांगत नाही. ते दिसतं ते धापा टाकण्यात, सारखी जागा बदलण्यात, बसताना थबकण्यात, एकच सांधा चाटत राहण्यात, हात लावला की अंग चोरण्यात.

‘वेळ आली की तो स्वतःच सांगेल’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. पुष्कळ कुत्री कधीच सांगत नाहीत. जे सांगतात ते मध्यरात्री, श्वास कोंडल्यावर, नेहमीचे डॉक्टर भेटणार नाहीत अशा वेळी. हृदयाचा आजार असेल तर गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजत जा. आकडा वारंवार ३० च्या वर जात असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

माझी सवय साधी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एकाच माणसाने खूण करायची: दिवस चांगला की वाईट. दोन आठवड्यांची पानं समोर धरली की एका जेवणाने किंवा एका रात्रीच्या भीतीने फसायला होत नाही. वाईट खुणा जास्त दिसू लागल्या की डॉक्टरांशी निरोपाबद्दल उघड बोलायचं. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये सात मुद्द्यांचं मोजमाप मांडलं: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांचं प्रमाण. प्रत्येकाला १० पैकी गुण, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवायला हरकत नाही असं मानतात. मला खुणाच पुरतात, पण घरात मतभेद असतील तर प्रत्येकाने हे गुण वेगवेगळे लिहावेत आणि मग एकत्र बसावं.

घरातल्या गोळ्या देणं

देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरतं. आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून डॉक्टरांची औषधं मनाने थांबवू नका. स्टेरॉइड अचानक बंद केलं तर कुत्रा कोसळू शकतो.

शेवटच्या क्षणी खोलीबाहेर जाणं

‘मला बघवणार नाही’ म्हणून माणसं बाहेर उभी राहतात आणि कुत्रा दाराकडे बघत राहतो. हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी पोटात तुटतं. ज्याला खरंच जमत नाही त्याने निदान ओळखीचं दुसरं माणूस आत पाठवावं.

भीती बहुधा माहिती नसल्याची असते, म्हणून सांगते. आधी गुंगीचं इंजेक्शन देता येतं. ते आवर्जून मागा. कुत्रा शांत निजला की शिरेतून भुलीच्या औषधाची, बहुधा पेंटोबार्बिटलची, मोठी मात्रा देतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. त्यानंतर एखादा मोठा श्वास आल्यासारखं वाटतं, स्नायू फडफडतात, लघवी होते. तेव्हा त्याला काहीही जाणवत नसतं. सह्या आणि पैशांचं आधीच उरका, म्हणजे नंतर कुणी कागद पुढे करणार नाही. डॉक्टर घरी येऊ शकतात का, हेही विचारा.

देहाचं काय, हे न ठरवणं

आधी ठरवा. पुरणार असाल तर खड्डा खोल हवा. पेंटोबार्बिटल देहात टिकून राहतं, आणि तो उकरून खाणारं जनावर किंवा गिधाड त्याने मरू शकतं. थोड्या तासांत अंग ताठरतं, म्हणून पाय लगेच नीट दुमडून घ्या.

मुलांना खोटं सांगणं

‘पळून गेला’ म्हणालात तर मूल दारात वाट बघत बसतं. तो मेला, हे साध्या शब्दांत सांगा.

लगेच नवं पिल्लू आणणं

आठवड्याच्या आत पिल्लू आणणाऱ्यांना मी थांबवते. पिल्लाला त्याच्या वाट्याचं लक्ष मिळत नाही आणि त्याची गेलेल्याशी तुलना होते. घरात दुसरा कुत्रा असेल तर आधी त्याच्याकडे बघा. २०२२ साली इटलीतल्या ४२६ मालकांच्या पाहणीत बहुतेकांनी सांगितलं की सोबती गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बदललं: खेळ कमी झाला, जेवण कमी झालं, झोप वाढली. त्याला देह हुंगायचा असेल तर हुंगू द्या, फिरायच्या आणि जेवायच्या वेळा बदलू नका. दोन दिवस अजिबात जेवला नाही तर दुःखाने असेल असं धरून बसू नका, डॉक्टरांकडे न्या. तोही बहुधा वयस्करच असतो, आणि त्याचा आजार अशाच वेळी नजरेतून सुटतो.