अळीच्या आतड्यातल्या एन्झाइमने पीएचबी काढण्याआधी

मुलांनो, पुढच्या आठवड्यात आपण जिवाणूंमधलं प्लास्टिक, म्हणजे पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट), क्लोरोफॉर्मशिवाय, मीलवर्म अळीच्या आतड्यातल्या एन्झाइमने पेशी फोडून बाहेर काढायचा प्रयत्न करणार आहोत. गुरुवारी काहीच लावू नका. पुण्यात त्या दिवशी वीज किंवा पाणी जाण्याची भीती असते आणि आपलं सगळं काम सेंट्रिफ्यूज नि बर्फावर चालतं.

पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहाकडे कल्चरचा अर्ज आजच द्या. क्युप्रिॲव्हिडस नेकेटर हा जिवाणू, एच16 वाण, मागवा. नायट्रोजन कमी आणि साखर भरपूर दिली की तो पीएचबी साठवतो, कोरड्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंतसुद्धा. मात्र उसाची मळी स्वस्त मिळते म्हणून तीच ओतू नका. एच16 वाणाला मळीतलं सुक्रोज पचत नाही, त्याला फ्रुक्टोज लागतं. वाढलेल्या पेशी फ्रीज-ड्राय करून ठेवा.

मीलवर्म पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. कोंड्यातून काढून एक दिवस उपाशी ठेवा, म्हणजे आतडं रिकामं होतं. आतडी बर्फावर काढा, थंड बफरमध्ये वाटा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी लहान लहान नळ्यांत उणे 20 अंशांवर ठेवा. इथे हात सवयीने प्रोटिएज (प्रथिनं कापणारी एन्झाइम) थांबवणाऱ्या इनहिबिटरच्या बाटलीकडे जातो. पीएमएसएफ हा तसलाच इनहिबिटर, तो अजिबात घालू नका! आपल्याला प्रोटिएजच हवंय. ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिनसारखी हीच एन्झाइम पेशीतली प्रथिनं कापतात आणि पीएचबीला हातही लावत नाहीत, म्हणून तर साखळी न तुटता कण सुटे होण्याची आशा आहे. आमच्या एका बॅचचा अख्खा आठवडा या एका थेंबाने वाया गेला होता. दूधपावडरच्या आगार प्लेटवर आतड्याच्या अर्काचा थेंब टाकून पाहा. भोवती पारदर्शक वलय आलं तरच पुढे चला.

बफर 8 पीएचच्या आसपासचं करा, कारण या अळीच्या आतड्याचा मागचा भाग अल्कधर्मी असतो. दोन कंट्रोल हवेतच, एक उकळलेलं एन्झाइम घातलेला, दुसरा नुसत्या बफरचा. तिन्हींत सारखाच पांढरा गाळ बसला, तर श्रेय एन्झाइमचं नाही.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं एसडीएस (एक डिटर्जंट) पुरे. वाळवण 60 अंशांच्या आत.

पीएचबी तपासायला ते तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तापवावं लागतं, तेव्हा फ्यूम हूड, गॉगल आणि हातमोजे आधीच आरक्षित करा. त्यातून पीएचबीचं क्रोटॉनिक ॲसिड होतं, ते 235 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजायचंय. काच तो प्रकाश अडवते, त्यामुळे काचेचा क्युव्हेट (मोजणीची छोटी नळी) चालणार नाही. क्वार्ट्झचा आपल्याकडे एकच आहे, तो भौतिकशास्त्राच्या लॅबमधून परत आणा.