एल रीनोचा कांदा-बर्गर

1920च्या दशकात अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या एल रीनो गावात गोमांस पुरवठ्याला यावं म्हणून त्यात स्वस्त कांदा दाबू लागले. काटकसर गेली, चव राहिली.

एका बर्गरला 20 टक्के चरबीचा 80 ग्रॅम खिमा. मळू नका, चिवट होतो. नुसता सैल गोळा करा. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा. गोळ्यावर मीठ आणि कागदासारखा पातळ चिरलेला मूठभर कांदा ठेवून पहिल्या 30 सेकंदांतच उलथन्याने जोरात चपटा करा. उशिरा दाबलात तर रस तव्यावर जातो. कडा तपकिरी झाल्या की खरवडून उलटा. आता कांदा खाली. जाड चिरला असेल तर कच्चाच राहील. वर चीज, त्यावर पाव झाका, मिनिटभर वाफवा. आतलं तापमान 71 अंश सेल्सिअस हवं.