दाढेची कॅप घशात गेली तर काय करायचं?

दातांचे डॉक्टर बाबांच्या खालच्या उजव्या दाढेला कॅप बसवून बघत होते. सिमेंट लावायच्या आधी माप बरोबर आहे का, एवढंच पाहायचं होतं. थुंकीने कॅप बुळबुळीत झाली, चिमट्यातून निसटली आणि जिभेच्या मागे गेली. बाबांना एक ठसका लागला. मग आवंढा गिळून ते म्हणाले, "गेली वाटतं पोटात." डॉक्टरांनी धीर दिला, दोन दिवसांत शौचावाटे पडेल म्हणाले. आम्ही घरी आलो. मी त्यांना दोन केळी खायला घातली.

कॅप पोटात गेलीच नव्हती. आठवड्याभराने खोकला सुरू झाला, खोकल्याची औषधं झाली, अधूनमधून तापही येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात दाढेच्या आकाराचा पांढराशुभ्र ठिपका दिसला. दुर्बिणीने ती कॅप काढली आणि बाबा बरे झाले. पण त्याच दिवशी एक एक्स-रे काढला असता तर ते तीन आठवडे वाचले असते. तेव्हा मला जे माहीत नव्हतं, ते सगळं इथे लिहिते आहे.

खुर्चीत असतानाच

कॅप, रूट कॅनालची सुई, ड्रिलचं टोक, तारेचा तुकडा, काहीही जिभेवर पडल्यासारखं वाटलं तर पहिली ऊर्मी होते ती उठून बसायची. तेच करू नका. उठून बसलात की वस्तू सरळ घशाकडे घसरते. पडल्या जागीच मान एका कुशीला वळवा, म्हणजे ती गालात येऊन पडेल. बोलू नका, आवंढा गिळू नका, हात वर करा. बाकीचं काम डॉक्टरांचा चिमटा आणि सक्शनची नळी करते. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दिलं की अर्धी जीभ बधिर होते, त्यामुळे काही पडलं तरी नीट कळत नाही. थोडी जरी शंका आली तरी हात वर करायचा. "हात वर केला की थांबा" हे काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या.

वस्तू जिभेच्या मागे गेलीच आणि खोकला आला, तर जोरात खोका. खोकला दाबू नका. तोंडात दिसत नसलेल्या वस्तूसाठी कुणालाही घशात बोटं घालू देऊ नका, ती आणखी आत ढकलली जाते.

माणसाला बोलता येत नाही, खोकल्याचा आवाज निघत नाही, हात गळ्याकडे गेले आहेत, असं दिसलं तर श्वास अडकला आहे. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळाने पाच जोरदार थापा मारा. तेवढ्याने निघालं नाही तर मागे उभं राहून बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्या. वस्तू निघेपर्यंत पाच थापा, पाच झटके, असं आलटून पालटून चालू ठेवा. गरोदर बाईला पोटावर नाही, छातीच्या मधोमध झटके द्यायचे. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन लावायला हवा. माणूस बेशुद्ध पडला तर त्याला आडवं करून छाती दाबायला (सीपीआर) सुरुवात करा.

पोटात की फुफ्फुसात?

आमची चूक इथे झाली. ठसका थांबला म्हणजे संकट टळलं, असं आम्ही धरून चाललो. श्वासनलिकेत गेलेली लहान वस्तू सुरुवातीला एकदा खोकवते आणि मग गप्प बसू शकते. श्वासनलिकेच्या दोन फाट्यांपैकी उजवा जास्त रुंद, आखूड आणि सरळ खाली उतरणारा असतो, म्हणून अशा वस्तू बहुतेक वेळा उजवीकडेच सापडतात. "गिळल्यासारखं वाटलं" यावर कुणीच विसंबू नये, पेशंटने नाही आणि डॉक्टरांनीही नाही.

आधी तोंड, गळ्यातला कागदी रुमाल, कपडे, जमीन आणि सक्शनची जाळी तपासायला सांगा. कधीकधी वस्तू तिथेच मिळते आणि विषय संपतो. मिळाली नाही तर काहीही त्रास होत नसला तरी त्याच दिवशी मान, छाती आणि पोटाचा एक्स-रे काढायचा. हे मी दोनदा सांगेन: त्रास होत नसला तरी.

दवाखान्यातून निघताना दोन गोष्टी मागून घ्या. एक, काय पडलं, किती मोठं होतं आणि कशाचं होतं हे लिहिलेली चिठ्ठी. दुसरी, जमलं तर तशीच दुसरी वस्तू. एक्स-रे वाचणाऱ्याला काय शोधायचं ते समोर दिसतं. धातू एक्स-रेवर लगेच उठून दिसतो, पण कवळीचं गुलाबी प्लास्टिक बहुधा दिसत नाही. अशा वेळी सीटी स्कॅन किंवा थेट दुर्बिणीने तपासणी लागू शकते. तुकडा पोलादाचा असेल तर तो बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करून घेऊ नका. मधल्या काळात दुसऱ्या कारणासाठी एमआरआय ठरलाच, तर हे आवर्जून सांगा.

आणि एक्स-रे होऊन डॉक्टर सांगेपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका. माशाचा काटा अडकला की केळं किंवा सुका भात गिळायला लावायची आपल्याकडे सवय आहे, त्याच मायेने मीही केळी दिली होती. पण दुर्बीण घालायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

एक्स-रे आल्यावर

वस्तू फुफ्फुसात असेल तर ती काढावीच लागते. अन्ननलिकेत अडकली असेल तर तीही काढतात, आणि टोकदार असेल तर काही तासांच्या आत. पोटात असेल तर ती कशी आहे यावर ठरतं. रूट कॅनालची सुई २१, २५ किंवा ३१ मिलिमीटरची असते. तिची लांबी अडचणीची नाही, टोक आहे. त्यामुळे ती जठरात असतानाच, २४ तासांच्या आत, दुर्बिणीने काढलेली बरी. अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा सहा सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू, म्हणजे तारा असलेली अर्धी कवळी वगैरे, जठरातून पुढे सहसा सरकत नाही. लहान, गुळगुळीत कॅप मात्र बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडते. गिळलेल्या वस्तूंपैकी शंभरात ऐंशी-नव्वद काहीही न करता पडून जातात.

डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तर रोजचंच जेवण ठेवा. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध घेऊ नका, मुद्दाम उलटी काढू नका. शौच प्लॅस्टिकच्या भांड्यात करून, हातमोजे घालून, जुन्या गाळणीत पाणी ओतून तपासा. किळसवाणं आहे, पण वस्तू हातात आली की खात्री होते. साधारण चार ते सहा दिवसांत पडते, कधी काही आठवडेही लागतात. नाहीच दिसली तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एक्स-रे काढा. पोटात दुखणं, उलट्या, ताप, काळी किंवा रक्ताची शौच, यांतलं काहीही झालं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

पुढच्या वेळी खुर्चीत बसण्याआधी

रबर डॅम म्हणजे दातावर ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा. काम चाललेला दात तेवढा वर राहतो, बाकी तोंड झाकलं जातं. न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफोर्ड बार्नम यांनी तो १८६४ साली वापरात आणला. रूट कॅनालला तो लावतात का, हे विचारायला संकोच करू नका. कॅप बसवताना तो बहुधा लावता येत नाही, म्हणून घशाच्या तोंडाशी गॉजची घडी ठेवायला सांगा आणि शक्य असेल तर खुर्ची थोडी उभी ठेवून घ्या. बारीक अवजारांना दोरा बांधता येतो, त्याचं टोक तोंडाबाहेर राहतं.

पक्षाघात किंवा पार्किन्सन झाला असेल, पाणी पितानाही ठसका लागत असेल, तर ते आधीच सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची हलणारी कॅप किंवा सैल झालेली कवळी "चालतंय" म्हणून तशीच ठेवू नका. निघणारी कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची.

बाबांची नवी कॅप गेल्या महिन्यात बसली. दुसऱ्या डॉक्टरांकडे. मी शेजारच्या स्टुलावर होते. गॉजची पांढरी घडी त्यांच्या जिभेच्या मागे नीट बसलेली मला दिसत होती. कॅप दोनदा निसटली आणि दोन्ही वेळा त्या घडीवरच पडली.