स्टारड्यू व्हॅली: पहिल्या महिन्यात मासेमारीतून जास्त पैसे कसे काढायचे

शेतीचा हा गेम नवीन सुरू केला की बहुतेक जण हातातल्या 500 गोल्डचं (गेममधले पैसे) बियाणं आणतात आणि पार्सनिप कधी उगवतंय याची वाट बघत बसतात. बियाणं लावाच, पण सुरुवातीच्या 2 आठवड्यांत खरा पैसा पाण्यात आहे, कारण मासा आज धरला की आजच विकता येतो आणि त्यात स्वतःचं भांडवल काहीच लागत नाही. 2 तारखेला सकाळी बीचवरच्या विली या कोळ्याचं पत्र येतं, त्याच दिवशी संध्याकाळी 5 च्या आत बीचवर जा, तो बांबूचा रॉड फुकट देतो.

रॉड मिळाला की तिथेच समुद्रात गळ टाकत बसायचा मोह होतो. तसं करू नका. स्प्रिंगमध्ये, म्हणजे गेमच्या या पहिल्या महिन्यात, समुद्रात जे वारंवार लागतं ते सार्डिन 40 चं आणि अँकोव्ही, हेरिंग 30 ची. त्यापेक्षा डोंगरावरच्या तळ्यावर जा, रॉबिन नावाच्या सुतारणीच्या घराशेजारी. तिथे लार्जमाउथ बास 100 ला जातो, बुलहेड 75, चब 50, आणि कार्प 30 चा असला तरी बाकीचे भरून काढतात. एवढा फरक का पडतो ते सांगतो. दर वेळी गळ टाकला की 8 एनर्जी जाते आणि सुरुवातीला तुमच्याकडे एकूण 270 च असते, म्हणजे काही न खाता दिवसाला साधारण 33 वेळा गळ टाकता येतो, मग त्यात मासा येवो नाहीतर कचरा. गळ टाकण्याची संख्या ठरलेली आहे तर प्रत्येक वेळी जास्त किमतीच्या पाण्यातच टाकायचा, साधा हिशोब आहे. तळ्यात जे हिरवं शेवाळ लागतं ते 15 गोल्डला विकू नका, खाऊन टाका, 13 एनर्जी मिळते म्हणजे एक फेक सुटून वर उरते. 15 ते 18 तारखेला झुडपांना सॅमनबेरी लागतात, त्या दिवसांत जाता येता सगळी झुडपं हलवून पिशवी भरून ठेवा, एनर्जीसाठी खायला.

आता गळ कसा टाकायचा. पॉवरचा बार पूर्ण भरल्यावरच सोडा आणि जिथे जमीन पाण्यात पुढे गेलीय तिथे उभे राहा, कारण गळ काठापासून जितका लांब पडेल तितका चांगल्या स्टारचा मासा यायची शक्यता वाढते, आणि स्टारला किंमत आहे, चंदेरी म्हणजे सव्वापट, सोनेरी दीडपट, जांभळा दुप्पट. मासा ओढताना स्क्रीनवर एक हिरवी पट्टी दिसते, ती बटणाने वर-खाली करून मासा तिच्या आत ठेवायचा असतो, तो एकदाही बाहेर गेला नाही तर चंदेरीचा सोनेरी होतो आणि सोनेरीचा जांभळा. नवीन लोक बटण दाबून धरतात आणि पट्टी वर जाऊन आपटते, त्यापेक्षा हलकं हलकं टॅप करत राहायचं, पट्टी एका जागी तरंगत ठेवता आली की अर्धं काम झालं. अजिबातच जमत नसेल तर विलीकडे 25 गोल्डला ट्रेनिंग रॉड मिळतो, पट्टी मोठी होते, पण त्याने फक्त सोपे मासे लागतात आणि तेही बिनस्टारचे, म्हणून हात बसेपर्यंतच वापरा. आणि हो, पाण्यात कुठे बुडबुडे दिसले तर हातातलं सोडून तिथे गळ टाका, मासा फार लवकर लागतो.

वेळेकडे लक्ष ठेवा, बास संध्याकाळी 7 नंतर लागत नाही. तेव्हा बीचवर उतरायचं कारण 7 नंतर हॅलिबट येतो, 80 चा. पण रात्री 2 वाजले की जिथे असाल तिथे बेशुद्ध पडता आणि 10 टक्क्यांपर्यंत पैसे जातात (1000 च्या वर नाही), त्यामुळे 1 च्या आत घराकडे निघालेलं बरं.

रोज सकाळी टीव्हीवर हवामान बघा. पावसात शेताला पाणी घालावं लागत नाही, तो अख्खा दिवस आणि ती एनर्जी मासेमारीची. पहिल्या वर्षी 3 तारखेला पाऊस ठरलेलाच असतो. पावसात नदीत कॅटफिश लागतो, 200 चा, पण तो फार उड्या मारतो, मासेमारीची लेव्हल थोडी वाढल्याशिवाय त्याच्या मागे लागून एनर्जी घालवण्यात अर्थ नाही.

विकायचं कुठे? विली आणि घरची विक्रीची पेटी दोघांचा भाव एकच आहे, विलीकडे पैसे लगेच मिळतात आणि पेटीतले दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्येक जातीचा एक मासा कम्युनिटी सेंटरसाठी (गावातली मोडकळीला आलेली इमारत, तिथे ठरावीक वस्तू द्याव्या लागतात) पेटाऱ्यात ठेवा, नंतर सीझन गेला की तोच मासा शोधत वर्ष निघून जातं.

पैसे आले की आधी काय घ्यायचं यावर बरेच जण 2000 ची मोठी बॅग म्हणतात, माझं मत फायबरग्लास रॉड आधी. फिशिंग लेव्हल 2 ला तो 1800 ला मिळतो आणि त्यालाच आमिष लावता येतं, बांबूच्या रॉडला लावता येत नाही, आणि आमिषाने मासा लागायची वाट बघण्याचा वेळ निम्म्यावर येतो. त्यानंतर मात्र खर्च थांबवा आणि 13 तारखेच्या एग फेस्टिव्हलसाठी साठवा, कारण तिथे स्ट्रॉबेरीचं बी मिळतं 100 ला एक. त्या दिवशी सकाळीच जमीन खणून पाणी घालून ठेवा, घरी परत येईपर्यंत रात्रीचे 10 वाजतात, आल्या आल्या लावून टाका. 21 ला पहिली तोड, 25 ला दुसरी, आणि एक स्ट्रॉबेरी 120 ची. म्हणजे माशांचे पैसे 2 आठवड्यांच्या आत दुपटीहून जास्त होतात, एवढा परतावा त्या वेळी दुसरं काहीच देत नाही.

लेव्हल 5 ला दोन पर्याय येतात, त्यात फिशर घ्या, ट्रॅपर नको, फिशरने माशांची किंमत 25 टक्क्यांनी वाढते. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, ही वाढ विकताना मोजली जाते, धरताना नाही, आणि गेममध्ये मासे खराब होत नाहीत. त्यामुळे लेव्हल 4 संपत आली असेल आणि पैशांची घाई नसेल तर चांगले मासे पेटाऱ्यात ठेवा आणि लेव्हल 5 झाल्यावर विका, सोनेरी स्टारचा बास मग 150 ऐवजी 187 ला जातो. लेव्हल 10 ला अँगलर घेतलं की हीच वाढ 50 टक्के होते.

30 चे मासे पुढेही लागतच राहतात, त्यांचं काय करायचं तर डोंगरावर तंबूत राहणाऱ्या लायनसशी मैत्री 3 हार्टपर्यंत न्या, तो साशिमीची रेसिपी पाठवतो. कुठलाही एक मासा टाकला की 75 ची साशिमी तयार होते, मात्र त्यासाठी घरात किचन लागतं, म्हणजे 10,000 गोल्ड आणि 450 लाकूड. महागड्या माशांसाठी 1.6 अपडेटपासून फिश स्मोकर (मासे धुरावणारं यंत्र) आलाय, रेसिपी विलीकडे 10,000 ला. एक मासा आणि एक कोळसा घातला की किंमत दुप्पट आणि स्टार तसाच राहतो, त्यामुळे सोनेरी आणि जांभळे मासे स्मोकरला आणि अँकोव्ही, कार्प, सनफिश साशिमीला अशी वाटणी करा.